बाकड्याखालचा वास : कॅम्पर ट्रेलरमधल्या ‘खोट्या’ गॅस अलार्मचं एक प्रकरण

हे प्रकरण ओहायोतल्या एका मराठी कुटुंबाचं आहे. त्यांच्या परवानगीने लिहितो आहे. नावं बदलण्याऐवजी सरळ गाळली आहेत. मी निवृत्त विद्युत अभियंता. कॅम्पर ट्रेलरची, म्हणजे गाडीमागे ओढायच्या छोट्या घराची, वायरिंग बघून देणं हा माझा फावल्या वेळचा उद्योग. या प्रकरणात मी शिरलो तो तिसऱ्या अलार्मनंतर. त्याआधीचं सगळं त्यांच्याकडून ऐकलेलं आहे आणि घरातल्या तिघांनी ते तीन वेगवेगळ्या तऱ्हांनी सांगितलं. त्यातल्या आजींची तऱ्हा सर्वात अचूक निघाली, हे आधीच कबूल करतो.

पार्श्वभूमी

कोलंबसला राहणारं चौकोनी कुटुंब : नवरा-बायको, दोन मुलं. त्या वर्षी नवऱ्याची आई सांगलीहून सहा महिन्यांसाठी आली होती. (पुढे ‘मुलगा’ आणि ‘सून’ म्हणजे आजींच्या नात्याने हेच नवरा-बायको.) वसंतात त्यांनी 24 फुटी जुना ट्रेलर घेतला, 2014 साली इंडियानातल्या एल्कहार्टकडे बनलेला. अमेरिकेतले निम्म्याहून जास्त ट्रेलर त्याच भागात तयार होतात. पुढे प्रोपेन गॅसचे दोन 20 पौंडी सिलिंडर, आत शेगडी, फ्रिज, गरम पाण्याची टाकी आणि फर्नेस (खोली गरम करणारी भट्टी). हे सगळं प्रोपेनवर चालतं.

अशा ट्रेलरमध्ये जमिनीपासून वीतभर उंचीवर गॅस अलार्मची एक चौकोनी डबी बसवलेली असते. प्रोपेन हवेपेक्षा साधारण दीडपट जड. गळला की पाण्यासारखा खाली साचतो. म्हणून डबी घोट्याच्या उंचीवर. हवेत सुमारे 2.1 टक्के प्रोपेन झाला की ठिणगीने पेट घेऊ शकतो, आणि डबीने त्या प्रमाणाच्या पाव हिश्श्याच्या आतच ओरडायचं असतं. यांच्याकडची डबी जोडकामाची होती : प्रोपेन आणि कार्बन मोनॉक्साइड हा विषारी वायू, दोन्हींसाठी वेगळे दिवे, भोंगा एकच. तिला बंद करायचं बटण नसतं. ती ट्रेलरच्या 12 व्होल्टच्या बॅटरीवर चोवीस तास चालते.

आणखी एक गोष्ट, जी तेव्हा कुणाच्याच लक्षात आली नाही. बॅटरी साधारणपणे बाहेर, गाडीला जोडायच्या त्रिकोणी दांड्यावर असते. आधीच्या मालकाने ती चोरीच्या भीतीने आत घेतली होती, जेवणाच्या टेबलाच्या बाकड्याखाली. साधी, पाणी भरावं लागणारी लेड-ॲसिड बॅटरी, प्लास्टिकच्या डब्यात. हवा बाहेर काढणारी नळी नाही. आणि गॅसची डबी त्याच बाकड्याच्या उभ्या फळीत, आरपार भोक पाडून बसवलेली. तोंड खोलीकडे, पाठ बाकड्याच्या पोकळीत.

समस्या

ऑक्टोबरातला शुक्रवार, ओहायोतलाच हॉकिंग हिल्स हा डोंगराळ भाग. पानं रंगलेली, रात्री चार-पाच अंश तापमान. ट्रेलर कॅम्पग्राउंडच्या विजेच्या खांबाला जोडला, फर्नेस लावला, पिठलं-भात खाऊन सगळे झोपले. पहाटे पावणेतीनला भोंगा वाजला आणि गॅसचा दिवा लाल झाला.

इथे त्यांनी केलं ते बरोबर. दिवे न लावता, फोनच्या उजेडात मुलांना पांघरुणासकट उचलून बाहेर काढलं, सिलिंडरचे दोन्ही नॉब बंद केले, दार उघडं टाकलं. आजी स्वेटर न घालता बाहेर आल्या म्हणून सुनेने आपली शाल त्यांना दिली, एवढाच काय तो गोंधळ. अर्ध्या तासाने भोंगा थांबला. तासाभराने, थंडीने मुलं रडायला लागली तेव्हा, खिडक्या उघड्या ठेवून ते पुन्हा आत जाऊन झोपले. सिलिंडर बंद, फर्नेस बंद. वास? “थोडा येत होता, कुजल्यासारखा,” असं सून म्हणाली. मुलगा म्हणाला, “येत नव्हता.”

शनिवारी ओल्ड मॅन्स केव्ह पाहून आले. दिवसभर दारं-खिडक्या उघड्या, भोंगा गप्प. रात्री तीनच्या सुमारास पुन्हा तेच.

या वेळी आजी बाहेर पडताना म्हणाल्या, “हा सिलिंडरचा वास नाही रे.” मुलाने लक्ष दिलं नाही. पुस्तिकेत लिहिलं होतं की गॅसचा वास कुजलेल्या अंड्यासारखा येतो. आजींच्या घरात अंडं कधी शिरलं नव्हतं. त्यांना कुजलेलं अंडं काय ठाऊक? पण 14.2 किलोचा लाल सिलिंडर त्यांनी चाळीसेक वर्षं बदलला होता. वायसर खराब झाला की कसा वास येतो, नळी सैल झाली की कसा येतो, हे त्यांना नाकाने कळत होतं. त्या दुसरंच काहीतरी सांगत होत्या, आणि ते ‘अंडं’ या शब्दात बसत नव्हतं.

मुलाचा निष्कर्ष वेगळा होता : फोडणी. आदल्या संध्याकाळी पिठल्याला हिंग-मिरचीची सणसणीत फोडणी झाली होती, ट्रेलर लहान, पंखा कमजोर. शिवाय डबी आठ वर्षं जुनी. त्याने फ्यूज काढला. भोंगा बंद. फर्नेस पुन्हा लावला आणि सगळे सकाळी आठपर्यंत गाढ झोपले.

या प्रकरणातली सर्वात धोक्याची वेळ मला विचाराल तर हीच. भोंग्याची नव्हे, गाढ झोपेची. फर्नेस ज्वलनाची हवा बाहेरून घेतो आणि धूर बाहेर टाकतो, पण आतल्या धातूच्या पेटीला तडा असेल तर कार्बन मोनॉक्साइड गरम हवेबरोबर खोलीत येतो. त्याला वासच नाही. ते ओळखणारं एकमेव यंत्र त्याच फ्यूजवर होतं. प्रोपेनच्या भोंग्याचा वैताग घालवताना दुसरा पहारेकरीही घरी पाठवला गेला.

पर्यायांचा विचार, पहिली फेरी

घरी आल्यावर फ्यूज परत बसला आणि मुलाने आधी साबणाचं पाणी घेऊन सिलिंडरपासून शेगडीपर्यंत हाताला लागेल तो प्रत्येक जोड तपासला. एकही बुडबुडा आला नाही. मग डबीच्या मागची तारीख वाचली : 2014. या डब्यांमधला सेन्सर साधारण पाच ते सात वर्षं भरवशाचा असतो, पुढे तो उगाच ओरडतो किंवा, त्याहून वाईट, ओरडायचं विसरतो. त्याने सुमारे 80 डॉलरची नवी डबी आणून बसवली. दुपारभर ट्रेलर घराच्या विजेला लावून ठेवला. काही झालं नाही. प्रकरण मिटलं असं वाटलं.

डबी बदलणं चूक नव्हतं, ती बदलायलाच हवी होती. चूक इतकीच की त्या खरेदीला त्याने उत्तर मानलं. चाचणी चार तासांची होती. दोन्ही अलार्म वाजले ते वीज जोडल्यापासून सहा-सात तासांहून जास्त काळ गेल्यावर, रात्रीच्या बंद ट्रेलरमध्ये. ज्या परिस्थितीत दोष दिसला ती परिस्थितीच चाचणीत आणली नाही, तर दोष कसा दिसणार?

नोव्हेंबरच्या सुरुवातीला, थंडीसाठी पाइप रिकामे करण्याआधीची शेवटची सहल. दुसरं कॅम्पग्राउंड, कोरी डबी. पहाटे साडेतीनला भोंगा. आणि या वेळी आधी गॅसचा, मग कार्बन मोनॉक्साइडचाही दिवा लाल.

हे पाहून दोघं खऱ्या अर्थाने घाबरली. फर्नेस चालू होता, म्हणजे दुसरा दिवा खरा असू शकत होता. कुणाला डोकेदुखी किंवा मळमळ नाही ना, ते विचारलं. उरलेली रात्र सगळ्यांनी मोटेलमध्ये काढली. तीन रात्रींतला हा सर्वात शहाणा निर्णय, आणि तोच घेताना मुलाला सर्वात जास्त लाज वाटली, असं त्याने मला नंतर सांगितलं. “लोक म्हणतील, एवढ्याशा भोंग्याला घाबरून पळाले.” नोव्हेंबरात त्या कॅम्पग्राउंडवर लोक होते तरी किती!

सोमवारी एका दुरुस्ती केंद्रातून तंत्रज्ञ आला. त्याने शेगडीपाशी दाबमापक लावून गळतीची चाचणी केली : प्रोपेनच्या नळ्यांतला दाब पाण्याच्या 8 इंचांवर (दाबाचं एक माप) आणायचा, पुरवठा बंद करायचा, आणि तीन मिनिटं काटा हलतो का ते बघायचं. काटा हलला नाही. फर्नेसच्या गरम हवेतही त्याच्या मीटरला कार्बन मोनॉक्साइड सापडला नाही. त्याने सांगितलं : गळती नाही, डबी सदोष असेल, परत करा. चाचणी चोख होती. निष्कर्ष मात्र त्याने तिच्या पलीकडे नेला. चाचणीने एवढंच सिद्ध केलं की प्रोपेन गळत नाही. हवेत काहीच नाही, असं ती म्हणत नव्हती.

पर्यायांचा विचार, दुसरी फेरी

मग फोन माझ्याकडे आला. “काका, डबी थोडी वर बसवली तर? तिथे जमिनीजवळ धूळ असते.” हा पर्याय मी तिथेच मोडीत काढला. प्रोपेन खाली साचतो. वर बसवलेली डबी शांत राहील, पण ज्या कामासाठी आहे ते करणार नाही. दुसरा पर्याय आणखी एक डबी आणायचा. पण दोन वेगळ्या वयाच्या डब्या रात्रीच्या त्याच सुमारास, एकाच जागी, एकाच तऱ्हेने ओरडत असतील तर दोन्ही बिघडलेल्या असण्यापेक्षा दोघींना काहीतरी जाणवतंय, हे जास्त संभवतं.

काय जाणवतंय? या डब्यांतला गॅसचा सेन्सर म्हणजे बहुधा गरम ठेवलेला टिन ऑक्साइडचा बारीक थर. ज्वलनशील वायू त्याला लागला की त्याचा विद्युतरोध घटतो. तो वायू प्रोपेनच आहे का, हे त्याला सांगता येत नाही. केसांचा स्प्रे, हात पुसायचं सॅनिटायझर, रंगाचा थिनर, नव्या प्लायवूडचा गोंद, कशानेही तो जागा होतो. कुत्र्याने डबीसमोर झोपून पादलं आणि घर रिकामं करावं लागलं, अशी कथा इथल्या कॅम्पिंगवाल्यांत हमखास ऐकू येते. मी ती थट्टा मानत नाही.

पण स्प्रे किंवा फोडणी पहाटे तीनला नसते. म्हणून मी त्यांना एका कागदावर तिन्ही रात्री लिहून काढायला सांगितल्या : वीज कधी जोडली, फर्नेस कधी लावला, काय शिजवलं, खिडक्या, वास, भोंग्याची वेळ. भोंगा पहिल्यांदा वाजला तेव्हा फर्नेस चालू होता, पण प्रत्येक थंड रात्री तो चालूच असे. फोडणी एकदाच जुळत होती. नोव्हेंबरात रात्रीचं जेवण म्हणजे पिझ्झा होता. तिन्ही वेळा समान होतं ते एकच : बाहेरची वीज जोडून निदान सात तास झालेले आणि ट्रेलर बंद. आणि उन्हाळ्यात विजेविना, नुसत्या बॅटरीवर काढलेल्या दोन रात्री पूर्ण शांत गेल्या होत्या. कागदाच्या तळाशी सुनेने लिहिलं होतं : “आई म्हणतात, वास गाडीच्या गॅरेजसारखा, आंबट.”

त्या ओळीवर मी थांबलो. सांगलीत आजींच्या घराखाली बॅटरी चार्ज करून देणाऱ्याचं दुकान होतं, हे मला खूप नंतर कळलं.

केलेली कृती

पहिली गोष्ट, ट्रेलर घरासमोर उभा करून सिलिंडर बंद केले. शेगडी पेटवून नळीतला उरलेला गॅस जाळून टाकला. ज्योत विझली की नळी रिकामी. दारं-खिडक्या लावल्या. आत कुणीही नाही. डबीसमोर बाळावर नजर ठेवायचा कॅमेरा. मग विजेची जोडणी. आता भोंगा वाजला तर तो प्रोपेनचा असूच शकत नाही.

पावणेआठ तासांनी वाजला.

मुलगा धावत आत गेला, बाकड्याची फळी उचलली, डब्याला हात लावला आणि मला फोन केला : “काका, डबा चांगलाच गरम आहे. बॅटरीची वायर काढतोय.” त्याच्या हातात पाना होता. पुढची दोन मिनिटं मी ज्या आवाजात बोललो तो आवाज माझ्या बायकोने तीस वर्षांत ऐकला नव्हता. चार्ज होणाऱ्या बॅटरीची वायर सोडवताना ठिणगी उडते, आणि त्या पोकळीत काय भरलं असेल याचा मला अंदाज आला होता. पाना खाली ठेव. फळी तशीच उघडी राहू दे. बाहेर ये. वीज घराच्या बाजूने, बाहेरच्या टोकाला बंद कर. सगळी दारं उघड आणि तासभर आत पाऊल टाकू नकोस.

दुसऱ्या दिवशी मी गेलो. गॉगल आणि हातमोजे घालून झाकणं उघडली. सहापैकी एका सेलमध्ये (बॅटरीतल्या कप्प्यात) पाणी प्लेटांच्या खाली गेलेलं. हायड्रोमीटरमध्ये, म्हणजे आतल्या आम्लाची घनता मोजणाऱ्या नळीत, पाच सेल 1.26 च्या आसपास, सहावा 1.10. चार्जरपासून तोडून रात्रभर ठेवलेल्या बॅटरीचा व्होल्टेज 10.6. पूर्ण भरलेली निरोगी बॅटरी 12.6 ते 12.7 दाखवते. एक सेल म्हणजे साधारण 2.1 व्होल्ट; बरोबर एक सेल हिशेबातून वजा झालेला.

त्यातून पुढचं सगळं उलगडतं. ट्रेलरचा चार्जर समोर सहा सेल आहेत असं समजून 13.6 व्होल्ट देत होता. ते पाच सेलवर वाटले गेले की प्रत्येकी 2.7. सेलला 2.4 च्या आसपास मिळाले की आतलं पाणी फुटून हायड्रोजन आणि ऑक्सिजन सुटायला लागतात. चांगले पाच सेल भरेपर्यंत काही तास काहीच जाणवत नाही. भरले की उकळी फुटते. म्हणून सात-आठ तास. मी थोडा वेळ चार्जर लावून मोजला तेव्हा प्रवाह 9 अँपिअरवर अडकलेला होता, उतरायचं नाव नाही. एका अँपिअर-तासाला एका सेलमधून साधारण 0.42 लिटर हायड्रोजन निघतो. पाच सेल, 9 अँपिअर : तासाला 19 लिटर. हायड्रोजन हलका, तो निघून जायला बघतो, पण वर बाकड्याची फळी आणि त्यावर गादी. वाट एकच उरली, डबीच्या पाठचं भोक. हवेत 4 टक्क्यांपासून 75 टक्क्यांपर्यंत तो पेट घेतो.

दुसरा लाल दिवाही यातच बसतो : कार्बन मोनॉक्साइडचे सेन्सर हायड्रोजनला बऱ्यापैकी फसतात. आणि वास? फार चार्ज होऊन तापलेल्या बॅटरीतून हायड्रोजन सल्फाइड सुटतो. कुजलेल्या अंड्याचा वास त्याचाच. प्रोपेनमध्ये ओळखीसाठी घातलेलं इथाइल मर्कॅप्टनही गंधकाचंच संयुग, आणि आपल्या हिंगाचा दर्पही गंधकाच्याच संयुगांचा. एका छोट्या खोलीत गंधकाच्या तीन गोष्टी, आणि तिघांची नाकं तीन निष्कर्षांवर. सून म्हणाली कुजका, मुलगा म्हणाला हिंग, आजी म्हणाल्या सिलिंडर नाही.

मेलेली बॅटरी काढली. नवी सुमारे 130 डॉलरची, त्याच जातीची, पण मूळ जागी म्हणजे बाहेर दांड्यावर, हवा खेळणाऱ्या डब्यात आणि कुलपाच्या पट्टीने बांधून. लिथियमची घ्यावी का, हा प्रश्न मुलाने काढला होता. पण ती शून्य अंशाखाली चार्ज करायची नसते, आणि ओहायोच्या थंडीत बाहेर ठेवायची म्हणजे चार्जरही बदलणं आलं. त्या वर्षी तो खर्च नको झाला. फळीतलं डबीच्या पाठचं भोक मागून बंद केलं. डबी आहे तिथेच ठेवली. झोपायच्या जागेजवळ कार्बन मोनॉक्साइडचा वेगळा, स्वतःच्या सेलवर चालणारा अलार्म लावला, म्हणजे एका फ्यूजवर दोन जीव टांगलेले राहणार नाहीत.

परिणाम

सिलिंडर बंद आणि वीज जोडलेली, अशी चाचणी पुन्हा केली, या वेळी सलग 24 तास. भोंगा गप्प. पुढच्या हंगामात सहा सहली झाल्या. एकदाच वाजला, दुपारी, मोठ्या मुलीने डबीपासून हातभर अंतरावर बसून केसांना स्प्रे मारला तेव्हा. तरीही सगळे बाहेर पडले, सिलिंडर बंद केला, आणि मग हसले. क्रम बरोबर होता.

वेगळं काय करता आलं असतं

पहिल्या रात्री पुन्हा आत जाऊन झोपणं. सिलिंडर बंद होता, खिडक्या उघड्या होत्या, मुलं कुडकुडत होती. त्या जागी मीही कदाचित तेच केलं असतं. पण कारण कळलेलं नसताना गाडीत हीटर लावून बसणं किंवा अग्निशमन दलाला 911 वर बोलावणं जास्त योग्य होतं. त्यांच्याकडे वायू मोजायचं यंत्र असतं, आणि ते कदाचित पहिल्याच रात्री बाकड्यापाशी थांबलं असतं.

फ्यूजबद्दल वर बोललोच. वैतागाच्या भरात तो काढायचाच झाला तर त्या रात्री कुणी आत झोपू नये.

तंत्रज्ञाला पूर्ण हकीकत मिळाली नाही. “गॅस डिटेक्टर वाजतोय, गळती बघा” एवढंच त्याला सांगितलं गेलं, आणि त्याने तेवढंच बघितलं. वेळांचा कागद त्याच्या हातात असता तर त्याने बॅटरीकडे नजर टाकली असती असं मला वाटतं; मुरलेल्या तंत्रज्ञांना ही जोडी माहीत असते. तो कागद लिहायला वीस मिनिटं लागली होती.

ट्रेलर घेताना तपासणी झाली होती, टायर आणि छत नीट बघितलं होतं. बॅटरी आत कशी, हा प्रश्न मात्र कुणी विचारला नाही. मोकळा दांडा उलट नीटनेटका वाटला होता.

माझीही एक चूक आहे. कॅमेऱ्याची चाचणी सांगताना, भोंगा वाजला तर काय करायचं नाही, हे मी सांगितलं नाही. बॅटरीचा संशय मला कागद वाचतानाच आला होता. तो मी मनात ठेवला, आधी खात्री करू म्हणून, आणि त्यामुळे पाना त्याच्या हातात पोचला.

राहता राहिलं आजींचं नाक. ते बरोबर निघालं, पण त्यावर विसंबायचा सल्ला मी देणार नाही. वास सतत येत राहिला की नाक थकून तो टिपायचं थांबवतं, आणि वयाबरोबर ते मंदावतंही. मात्र कुणी म्हणालं की हा वास वेगळा आहे, तर “कशासारखा?” एवढं विचारायला काही लागत नाही. हा प्रश्न सुनेने विचारला, पण तीन आठवड्यांनी, मी कागद भरायला लावला तेव्हा.

बाकड्याखालच्या रिकाम्या जागेत आता कांदे-बटाटे आणि मसाल्याचा डबा असतो. हिंगाची डबी मात्र आजींनी सांगलीला जाण्यापूर्वी तिथून उचलून वरच्या कपाटात ठेवली. कशाला उगाच संशय, म्हणाल्या.